घराशेजारच्या सावलीतल्या पट्ट्यात काय लावावं?

बंगला असो, रो-हाउस असो की तळमजल्यावरचा फ्लॅट, घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीन-चार फुटांचा पट्टा बहुतेकांकडे असतो. ड्रेनेजची झाकणं, एसीचं बाहेरचं युनिट, उरलेल्या फरश्या आणि रंगाचे डबे यांनी तो भरलेला असतो. कधीतरी तो साफ होतो, नर्सरीतून मोगरा, गुलाब आणि जास्वंद येतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांच्या लांबलचक, पानगळलेल्या काड्या उरतात. मग घरात सगळ्यांचं एकमत होतं, की इथे काही येत नाही.

येतं, आणि छान येतं. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात झाडांखालच्या सावलीत वाढणाऱ्या वनस्पती कितीतरी आहेत. फक्त क्रम उलटा करावा लागतो. आधी जागेचा उजेड, पाणी आणि माती पाहायची, आणि रोप सगळ्यात शेवटी निवडायचं.

पहिली पायरी : सावली मोजा

'आमच्याकडे ऊन येत नाही' एवढ्यावर निवड करू नका. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान पट्ट्यात जा, जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली ठळक, कडा स्पष्ट असेल तर ते ऊन. कडा पुसट, पण बोटं ओळखू येत असतील तर उजेडाची सावली. कागदावर जेमतेम करडा डाग दिसत असेल किंवा काहीच दिसत नसेल तर गडद सावली. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी, अशा तीन ठिकाणी हे करा, कारण वीस फुटांच्या पट्ट्यातही तिन्ही प्रकार सापडतात.

आता दिशा. पूर्वेचा पट्टा सगळ्यात भाग्यवान. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि मग दिवसभर सावली, हे जवळजवळ सगळ्या सावलीप्रिय झाडांना मानवतं. पश्चिमेचा पट्टा सकाळी सावलीत दिसतो म्हणून फसवतो. दुपारी तीननंतर तिथे भिंत तापते आणि सूर्यास्तानंतरही बराच वेळ धग सोडत राहते. शेजारी उंच इमारत नसेल तर पश्चिमेला सावलीचा पट्टा समजूच नका. दक्षिणेला हिवाळ्यात ऊन येतं, शेजारच्या इमारतीने ते अडवलं नसेल तर.

उत्तरेच्या पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त रोपं तिथेच मरतात आणि ती का मेली हे कळत नाही. पुण्याच्या अक्षांशावर 21 डिसेंबरच्या दुपारी 20 फूट उंच घराची सावली उत्तरेला जवळजवळ 18 फूट पडते. म्हणजे चार फुटांचा पट्टा पूर्ण झाकलेला. तेच घर एप्रिलच्या मध्यावर भरदुपारी फक्त तीन फूट सावली देतं, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीलगतचा शेवटचा फूटभर भाग उन्हात येतो. पुढे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. पुण्यात तो 13 मे, मुंबईत 15 मे आणि नागपुरात 26 मेच्या आसपास असतो. त्यानंतर पुण्या-मुंबईत जुलै उजाडून जवळजवळ संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ढग येईपर्यंतचे मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीचे दिवस म्हणजे या पट्ट्यातलं खरं संकट. नऊ महिने सावलीत लाडावलेली पानं या काळात करपतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पाहणी करून उत्तरेच्या पट्ट्याची झाडं ठरवू नका. मे महिन्यात एकदा पाहा, आणि तेवढे तीन-चार आठवडे हिरवी शेडनेट बांधता येईल असे दोन-तीन हुक भिंतीत आधीच बसवून घ्या.

दुसरी पायरी : पाणी कुठे पडतं, कुठे पडत नाही

सावली ओली असते तशी कोरडीही असते, आणि दोन्हींची झाडं वेगळी. छज्जाखालच्या जमिनीवर ऐन जुलैतही पाऊस पोचत नाही. जवळ मोठा आंबा किंवा फणस असेल तर त्याची मुळं वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात. ही कोरडी सावली. याउलट गच्चीच्या पन्हळीचं पाणी जिथे कोसळतं, नळाशी किंवा मोरीपाशी जिथे कायम ओल असते, ती ओली सावली. जोरदार सर आल्यावर छत्री घेऊन पट्ट्यात जा. पागोळ्यांची धार कुठे पडते, पाणी कुठे साचतं, किती वेळाने जिरतं, हे डोळ्यांनी पाहा. तासाभरातही जिरत नसेल तर आधी उतार काढा. उतार नेहमी घराच्या भिंतीपासून दूर.

इथेच एक नियम पक्का करून टाका. घराच्या भिंतीला लागून माती चढवायची नाही. मातीची पातळी जोत्याच्या वर गेली की ओल भिंतीत शिरते, आतला रंग फुगतो, आणि मग दोष झाडांना दिला जातो. भिंतीपासून किमान फूटभर जागेत खडी पसरा. वाफा कंपाउंडच्या भिंतीकडे करा.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून झाडांना घाला. त्यात क्षार जवळजवळ नसतात. पिण्याच्या पाण्याच्या आरओ फिल्टरचं फेकायचं पाणी मात्र क्षारांनी भरलेलं असतं. फर्नसारख्या नाजूक झाडांना ते देऊ नका.

तिसरी पायरी : माती

या पट्ट्यात माती क्वचितच असते. बांधकाम चालू असताना प्लास्टरचे तुकडे, विटांचे रोडे, सिमेंटचा चुरा सगळं इथेच लोटलं जातं आणि वर मुरूम पसरतात. मूठभर माती वाटीत घेऊन त्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत चुन्याचा अंश बराच आहे. अशा मातीत झाडाला लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की हेच कारण असतं, आणि कितीही खत घातलं तरी फरक पडत नाही. अनंत आणि इक्झोरा यांना हा त्रास सगळ्यात आधी होतो.

उपाय कष्टाचा आहे, पण एकदाच करायचा आहे. वाफ्याची जागा फूट-दीड फूट खणून राडारोडा बाहेर काढा. भरायला दोन घमेली लाल किंवा पोयट्याची माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कोरडी जागा असेल तर अर्धं घमेलं कोकोपीट. ओल्या जागेत कोकोपीट टाळा. त्याऐवजी जाडी वाळू किंवा भाताचं तूस घाला, म्हणजे मुळांना हवा मिळेल. दर घमेल्यामागे मूठभर निंबोळी पेंड. खणताना ड्रेनेजचा पाइप आणि चेंबर कुठे आहेत ते आधी बघून घ्या, आणि चेंबरच्या झाकणावर माती घालू नका. तिथे कुंडी ठेवा, गरज पडली की उचलता येते.

खणणं शक्यच नसेल, खाली कोबा असेल, तर सगळं कुंड्यांत करा. बारा इंचांपेक्षा लहान कुंड्या घेऊ नका.

चौथी पायरी : आता झाडं

आधी जे येणार नाही ते सांगतो, म्हणजे पैसे वाचतील. मोगरा, गुलाब, जास्वंद, शेवंती, झेंडू यांना किमान पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत ती जगतील, फुलणार नाहीत. तुळशीलाही ऊन लागतं. तिची जागा अंगणात किंवा गच्चीवर, इथे नको. हिरवळीचा नाद सोडा. लॉनचं कोणतंही गवत दाट सावलीत विरळ होत जातं आणि शेवटी चिखल उरतो. वड, पिंपळ, उंबर आणि रबराचं झाड जमिनीत लावू नका, त्यांची मुळं भिंती आणि पाइप शोधत जातात. पिवळ्या फुलांचा वेडेलिया नर्सरीवाले हौसेने देतात. तो फूटपाथ ओलांडून शेजारच्या प्लॉटपर्यंत पसरतो, म्हणून त्याला लांबूनच हात जोडा.

ओल्या, उजेडाच्या सावलीत माझी पहिली निवड सोनटक्का. गड्डे दोन-तीन इंच खोल, एकमेकांपासून फूटभर अंतरावर जूनमध्ये लावले की पावसाळ्याच्या उत्तरार्धात पांढरी फुलं येऊ लागतात आणि संध्याकाळी सगळी बोळ घमघमते. एकदा फुललेली काडी पुन्हा फुलत नाही. ती मुळाशी कापली की नव्या फुटव्यांना जागा मिळते. त्याच्या सोबतीला अळू. परसात सांडपाण्यावर अळू आणि कर्दळ लावण्याची आपल्याकडची रीत अगदी शहाणपणाची होती, ओलही वापरली जायची आणि डबकंही होत नसे. भाजीचं अळू मात्र साबणाच्या किंवा बाथरूमच्या पाण्यावर वाढवू नका. तिथे शोभेचं काळं अळू किंवा कर्दळ लावा. कर्दळीला सावलीत फुलं कमी येतील, पानांवर समाधान मानायची तयारी ठेवा.

याच ओलाव्यात विड्याची वेल, म्हणजे नागवेल, फार सुंदर वाढते. तिला गाळीव उजेड, दमट हवा आणि न साचणारं पाणी हवं. तीन-चार पेरांचं कलम पावसाळ्यात लावा आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाळी किंवा काथ्या गुंडाळलेला खांब द्या. घराच्या भिंतीवर चढवू नका, रंग खराब होतो. कोकणात आणि गोव्यात हाच खांब मिरीच्या वेलालाही द्या. हळद आणि आलं अर्ध्या सावलीत येतं, नारळ-पोफळीच्या बागांत ते तसंच घेतात. उत्पन्न उन्हातल्यापेक्षा कमी, पण घरापुरती हळदीची पानं नक्की मिळतात. गणपतीत पातोळ्यांसाठी ती विकत आणावी लागत नाहीत, हेच मला पुरेसं वाटतं.

फुलांसाठी अबोली विसरू नका. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळालं की ती पूर्वेच्या पट्ट्यात जवळजवळ वर्षभर फुलते. फुलोऱ्याचे सुकलेले तुरे काढत राहा. काही तुरे मुद्दाम ठेवलेत तर पहिल्या पावसात एक मौज पाहायला मिळते. सुकलेल्या शेंगा पाणी लागताच टचकन फुटतात आणि बी दूर उडतं. दोन-तीन आठवड्यांनी वाफ्यात जागोजागी रोपं दिसू लागतात, ती उचलून हवी तिथे लावता येतात. अबोलीच्या जोडीला कोरांटी, कोरड्या जागेतही तग धरणारी. थोड्या दमट जागेत पीस लिली, जी खऱ्या सावलीत फुलणाऱ्या मोजक्या झाडांपैकी एक आहे.

आणि भुईचाफा. हा फार कमी बागांत दिसतो याचं मला वाईट वाटतं. उन्हाळ्यात पानांशिवाय थेट मातीतून जांभळट-पांढरी सुवासिक फुलं येतात, पावसाळ्यात ठिपकेदार पानं येतात, आणि हिवाळ्यात सगळं नाहीसं होतं. जागा मोकळी दिसली म्हणून कोणीतरी तिथे खुरपं चालवतं आणि गड्डे कापले जातात. लावल्याबरोबर भोवती चार गोटे ठेवा, म्हणजे जागा लक्षात राहील. हिवाळ्यात त्याला पाणी जवळजवळ नको.

गडद सावलीत फुलांची आशा धरू नका, पानांनी जागा भरा. उंचीसाठी रॅपिस पाम. अरेका पाम स्वस्त मिळतो, पण गडद सावलीत तो पिवळा आणि विरळ होतो. रॅपिस महाग आणि संथ वाढणारा आहे, तरी दोन-तीनच घ्या आणि तोच घ्या. मध्यम उंचीला अग्लोनिमा, झनाडू फिलोडेन्ड्रॉन, मॉन्स्टेरा. कडेला क्लोरोफायटम, ज्याला स्पायडर प्लांट म्हणतात, किंवा बुटकं मोंडो गवत. पांढऱ्या-पिवळ्या छटांची पानं अंधाऱ्या जागेत उठून दिसतात, पण जितकी पांढरी छटा जास्त तितका उजेड जास्त लागतो. अगदी काळोख्या कोपऱ्यात पूर्ण हिरव्या जातीच टिकतात.

छज्जाखालच्या कोरड्या सावलीत स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि एस्पिडिस्ट्रा. एस्पिडिस्ट्रा नर्सरीत शोधावा लागतो, वाढतोही हळूहळू, पण दुर्लक्ष सोसण्यात त्याचा हात धरणारं झाड नाही.

नेच्यांबद्दल, म्हणजे फर्नबद्दल, प्रदेश पाहून ठरवा. कोकण, मावळ, कोल्हापूर, महाबळेश्वरच्या बाजूला बोस्टन फर्न आणि बर्ड्स नेस्ट फर्न जमिनीत आनंदात राहतात. हंसराज तर ओल्या जांभ्याच्या भिंतीतून आपोआप उगवतो, तो उपटू नका. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि कोरडी लू वाहते. तिथे सावली असूनही फर्नची पानं कुरकुरीत होतात. विदर्भ-मराठवाड्यात कोरांटी, स्नेक प्लांट, झेडझेड, क्लोरोफायटम यांच्यावर भर द्या आणि फर्न हौसेपुरता एका कुंडीत ठेवा, उन्हाळ्यात घरात नेता येईल असा.

घरात रांगणारं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर एक लक्षात ठेवा. डिफेनबेकिया, अग्लोनिमा, पीस लिली, मनी प्लांट, झनाडू, मॉन्स्टेरा, झेडझेड आणि कच्चं अळू या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आणि घशाची आग होते, सूज येते. डिफेनबेकिया तर लावूच नका. त्याऐवजी रॅपिस, क्लोरोफायटम, एस्पिडिस्ट्रा, बोस्टन फर्न, अबोली घ्या.

पाचवी पायरी : कागदावर आखणी

पुण्यातल्या एका रो-हाउसचा उत्तरेचा पट्टा धरू, चार फूट रुंद आणि वीस फूट लांब, पूर्वेचं टोक रस्त्याकडे, पश्चिमेच्या टोकाला धुण्याची जागा. घराच्या भिंतीकडचे दोन फूट खडी आणि त्यात शहाबादी फरशीचे तुकडे, चालायला. प्लंबर, रंगारी आणि गॅसवाला यांना इथून जावं लागतं, वाट अडली की आधी झाडंच तुडवली जातात. उरलेले दोन फूट वाफा.

पूर्वेच्या पहिल्या पाच फुटांत सकाळचा उजेड येतो. तिथे मागे चार अबोली, पुढे भुईचाफ्याचे पाच-सहा गड्डे. मधल्या दहा फुटांत तीन रॅपिस, साडेतीन-चार फुटांच्या अंतराने, त्यांच्यामध्ये प्रत्येकी दोन झनाडू किंवा अग्लोनिमा, आणि कडेला फूट-फूट अंतरावर क्लोरोफायटमची दहा रोपं. शेवटच्या पाच फुटांत, जिथे ओल असते, सोनटक्क्याचे सहा गड्डे आणि अळूचे दोन-तीन कंद. नळाजवळच्या खांबावर एक नागवेल. छज्जाखाली, एसीच्या युनिटपासून दूर, स्नेक प्लांटच्या दोन कुंड्या. युनिटमधून गरम हवा सुटते, तिच्या झोतात काहीही ठेवू नका.

आठ-नऊ प्रकारांत काम झालं. अरुंद जागेत प्रत्येक जातीचं एकेक रोप आणलं की सगळं विस्कटलेलं दिसतं आणि पाण्याचं गणितही जमत नाही. प्रकार कमी, संख्या जास्त. समोरची कंपाउंडची भिंत पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या रंगाने रंगवून घ्या, पानांवर पडणारा उजेड लगेच वाढतो.

सहावी पायरी : खरेदी आणि लावणी

नर्सरीत रोप शेडनेटखाली होतं की उघड्यावर, हे विचारा. उघड्यावरचं रोप एकदम गडद सावलीत आणलं तर पानं गाळतं. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आलेली, पानांच्या मागे कापसासारखा पिठ्या ढेकूण असलेली रोपं घेऊ नका. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे, तिथे एकाच जातीची आठ-दहा रोपं घेतली तर भाव बरा पडतो. आणल्यावर आठ-दहा दिवस पट्ट्यातल्या सगळ्यात उजेडाच्या टोकाला ठेवा, मग लावा.

घाटावर लावणीचा उत्तम काळ म्हणजे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. कोकणात जुलैच्या मुसळधारेत नव्या रोपांची मुळं कुजतात. तिथे जूनच्या सुरुवातीला लावा, नाहीतर गणपतीनंतर. पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावायचं, खोड मातीत गाडायचं नाही. वर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर.

पुढची देखभाल

सावलीतली झाडं पाण्याअभावी कमी आणि पाण्याच्या अतिरेकाने जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर झारी परत ठेवा. पावसाळ्याबाहेर जमिनीतल्या झाडांना आठवड्यातून दोनदा पाणी सहसा पुरतं, छज्जाखालच्या कुंड्यांना एकदा. मे महिन्यात हे वाढवावं लागेल. खतही निम्मं. जास्त खताने सावलीत झाड उंच, लुसलुशीत आणि रोगट होतं. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर प्रत्येकी एकदा मूठभर गांडूळखत पुरे. पानांवर धूळ बसते, महिन्यातून एकदा पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, कारण इथे उजेड आधीच कमी आहे.

पावसाळ्यात गोगलगायी येतात. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत क्लोरोफायटमच्या रांगेचा फडशा पाडते. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. मीठ वाफ्यात टाकू नका. पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा.

डास हा या जागेवरचा सगळ्यात रास्त आक्षेप आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. म्हणून कुंड्यांखाली ताटल्या ठेवूच नका, विटांचे तुकडे ठेवा. आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून टाकण्याचा दिवस, इथेही पाळा. पानांच्या पेल्यात पाणी धरणारी ब्रोमेलियाड या पट्ट्यात नकोत. जमिनीलगतची वाळकी पानं आणि जुना राडारोडा वेळच्या वेळी उचला. उंदीर अशाच अडगळीत राहतात आणि त्यांच्या मागावर साप येतात.

पहिल्या वर्षी वाफा विरळ वाटेल. मधल्या मोकळ्या जागेत घाईने नवीन काही आणू नका, पावसाळ्यापुरता तेरडा पेरा. दुसऱ्या पावसाळ्यात सोनटक्का आणि क्लोरोफायटम दाटतात. तेव्हा गड्डे खणून विभागा, कडेचे ताजे फुटवे परत लावा आणि मधले जुने, पोकळ झालेले काढून टाका. उरलेले फुटवे शेजारी द्या.